एका मताने पडलेलं वाचनालय

मी बोलतेय, निवडणुकीची पाटी जिच्यावर चढवून अंगणात रोवतात ती तारेची चौकट. सांगतेय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. हात नाहीत, नाहीतर बायबलवर ठेवले असते. दोन पाय आहेत, ते जमिनीत रोवून सांगते.

माझा जन्म इथलाच, ओहायोतल्या केलर्सबर्गच्या तारेच्या कारखान्यातला. म्हणजे, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर कारखान्याला कुलूप लागल्यावर दोन वर्षांनी मी बाहेरगावाहून खोक्यातून आले. पण या शहरात जो तो स्वतःला कारखान्याचाच म्हणवतो. मग मीच का मागे राहू?

मला घरी नेलं व्हर्न स्टॅडलमनने. तीस वर्षं त्याने त्या कारखान्यात तार ओढली होती. माझ्या अंगावर पहिली पाटी चढली ती डेमोक्रॅटांची. शेजारच्या अंगणात डोरीन प्रुइटची पाटी होती. ती शाळेची बस चालवायची, माहेर शेतकऱ्याचं, पिढीजात रिपब्लिकन. मध्ये कुंपण नव्हतं, तरी पाट्या एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या.

कारखाना पुन्हा सुरू करू, असं प्रत्येक उमेदवार सांगून गेला. चौथ्यांदा ऐकल्यावर व्हर्न वैतागून रिपब्लिकन झाला. त्याच उन्हाळ्यात डोरीनच्या बहिणीच्या आजारपणात विम्याने हात वर केले आणि डोरीन डेमोक्रॅट झाली. शहरही असंच फिरलं. कारखान्याजवळच्या गल्ल्या एकीकडे गेल्या, टेकडीवरचे डॉक्टर-वकील दुसरीकडे. पाट्या बदलल्या, वाद तेवढाच राहिला.

मग या दोघांनी एक युक्ती काढली. तुझं मत माझं मत खातं, तर थंडीत चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्रावर रांग कशाला लावायची? मतदानाच्या दिवशी दोघांनी डोरीनच्या ओसरीवर बसायचं, भोपळ्याची गोड पाई खायची आणि दुसरा हळूच सटकत नाही ना, यावर नजर ठेवायची. डोरीन तर व्हर्नच्या गाडीच्या किल्ल्या ॲप्रनच्या खिशात ठेवून घ्यायची. बारा वर्षं हे असंच चाललं.

परवाच्या नोव्हेंबरात मतपत्रिकेच्या अगदी तळाशी, पक्षांच्या उमेदवारांच्या रकान्याखाली, वाचनालयाच्या कराचा प्रश्न होता. कर मंजूर झाला तर वाचनालय राहणार, नाहीतर जूनमध्ये बंद. बायको गेल्यापासून व्हर्नची सकाळ तिथेच जायची, खिडकीजवळच्या खुर्चीत, पेपर वाचत. घरी त्याच्याशी बोलायला दुसरं कोण होतं? मीच, आणि मी अंगणात.

कर एका मताने पडला. व्हर्नने ही बातमी त्याच खुर्चीत बसून वाचली आणि तडक डोरीनच्या दारात आला.

"ड्रायव्हरीणबाई, वाचनालयाबद्दल तुझं मत काय होतं गं?"

"राहू दे असं. हे काय विचारणं झालं? तुझं?"

"राहू दे असंच."

"मग म्हाताऱ्या, काल आपण ओसरीवर बसून काय खोडत होतो?"

व्हर्नने नुसता हात पुढे केला. "माझ्या किल्ल्या दे."

मे महिन्यात पुन्हा मत घ्यायचं ठरलं. सगळा हिवाळा ही दोघं दारोदार फिरली. गाडी डोरीनच चालवायची, कारण व्हर्नच्या ब्रेक मारण्यावर तिचा विश्वास नव्हता. कारखान्याकडच्या गल्ल्यांत व्हर्न बोलायचा, टेकडीवर डोरीन. आणि घरोघरी त्यांना आपल्यासारख्याच जोड्या भेटू लागल्या. कुठे नवरा-बायको, कुठे दोघे भाऊ, एका ठिकाणी तर न्हावी आणि त्याचं गिऱ्हाईक. सगळे मत खोडत घरी बसलेले. "वरच्या रकान्यात खुशाल भांडा," डोरीन त्यांना सांगायची, "पण खालच्यासाठी तरी घराबाहेर पडा."

मला शेडमधून, बर्फाच्या फावड्यामागून बाहेर काढलं. अंगावर वाचनालयाची पाटी चढवली आणि माझा एक पाय व्हर्नच्या हिरवळीत, एक डोरीनच्या हिरवळीत रोवला. मी आयुष्यात एवढी ताठ कधी उभी राहिले नव्हते.

कर मंजूर झाला. व्हर्न आपल्या खुर्चीत परत गेला. वरच्या रकान्यातला त्यांचा वाद मात्र जिथल्या तिथे आहे.

आता मला गंज चढलाय. डोरीनने माझ्यावर मटाराचा वेल सोडलाय. पुढच्या निवडणुकीला मला उपटाल तेव्हा तो जरा हळू सोडवा, एवढंच मागणं आहे.

आणि हो, शपथ घेतलीय तेव्हा सांगून टाकते. ते एका मताचं मी रचलं. कर पडला होता एकशे बारा मतांनी. गोष्टीत एक आकडा बरा दिसतो, म्हणून. पण खरोखरच एका मताने पडला असता, तर मे महिन्यात ही दोघं गुपचूप जाऊन मत देऊन आली असती आणि काम झालं असतं. एकशे बारा होती, म्हणून तर त्यांना इतकी दारं ठोठावावी लागली.