पत्र्यावरची थाप

आमच्या यांची फोर बाय फोर जीप खानवेल ते सिल्वासा धावायची. स्टिअरिंगवर हे, मागे मी. पॅसेंजर बसले की मी मागच्या पत्र्यावर थाप मारायची आणि पायरीवर चढायची. थाप ऐकली की गाडी काढायची, मागे वळून बघायचं नाही, हा यांचा नियम.

हे गेले आणि गाडी दारातच गंजली. यंदा माझे धाकटे दीर नवनाथ यांनी मनावर घेतलं. इंजिन भंगारातून आणलं, गिअरबॉक्स मसाटच्या मिस्त्रीनं फुकट दिला, सीट जुन्या पॅसेंजरांनी दिल्या. शेवटी ते मागचा पत्रा कापायला निघाले.

"हात लावाल तर याद राखा, भाऊजी! सगळी गाडी लोकांची झाली. एवढा पत्रा तरी यांचा राहू द्या."

"पोचा पडलाय त्याला, वहिनी."

"माझ्याच हातानं पडलाय तो."

पत्रा राहिला. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवलं, नवनाथ स्टिअरिंगवर बसले. माझा हात आपसूक त्या पोच्यावर गेला. थाप वाजली, गाडी निघाली.

पायरीकडे माझा पाय मात्र उचलेना. नवनाथनी मागे वळून पाहिलं नाही. गाडी चालवायला त्यांना यांनीच शिकवलं होतं.