सिंकखालचा कप

मी एक कप बोलतोय. पांढरा, कानाशी टवका उडालेला. रोल्ला बाजारातल्या दुकानातून पाच भावंडांबरोबर आखातातल्या, अल कुसैसच्या या फ्लॅटमध्ये आलो. टवका उडाला आणि माझी जागा रॅकवरून थेट सिंकखाली गेली, फिनेलच्या बाटलीशेजारी. पेशन्सला होईल, असं उर्मिलाताई म्हणाल्या. पेशन्स म्हणजे युगांडाहून आलेली, इथे घरकाम करणारी बाई. तिला चहा ओतताना ताई पातेलं उंच धरतात, माझ्या काठाला लागू नये म्हणून. सांगतानाही लाज वाटते.

ताई मनाने वाईट नाहीत हो. पेशन्सला ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवतात. रविवारी दोघी एकाच चर्चला जातात, प्रभुभोजनाला एकाच पेल्यातून पितात. घरी आल्या की मी आहेच.

यंदा चर्चमध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या स्मरणाची उपासना ठरली. पाळकांनी ताईंना साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या घराण्याचा अनुभव सर्वांसमोर सांगायला सांगितलं. आठवडाभर त्या ओट्याशी उभ्या राहून ती पाठ करत होत्या. त्यांचे आजोबा बाबाजी. गावच्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर खुंटीला टांगलेला असे. चहा प्यायचा, स्वतः विसळायचा, पुन्हा टांगायचा. ते ख्रिस्ती झाले, तरी कप खुंटीवरच राहिला. इथे ताई दरवेळी थांबून डोळे पुसायच्या. सिंकखाली मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काल ताईंची मुलगी दिया ऐकत बसली होती. पाठ झाल्यावर चहा झाला, पेशन्सने वाकून मला बाहेर काढलं. दिया सहज म्हणाली, "ममा, लाइक बाबाजीज कप?"

ताईंनी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी पेशन्ससाठी नवा, गुलाबी फुलांचा कप घेऊन आल्या. धुतला, पुसला, आणि सवयीने हात सिंकखालीच गेला.

पेशन्स बघत होती. हळूच म्हणाली, "मॅडम, संडे वी ड्रिंक वन कप."

ताई तिथेच फरशीवर बसल्या.

आज रविवार. मी रुमालात गुंडाळलेला, ताईंच्या पर्समध्ये बायबलशेजारी आहे. साक्षीच्या कागदावर खाली एक ओळ वाढली आहे: 'असाच कप कालपर्यंत माझ्या घरी होता.' ती वाचता येईल की नाही, ताईंनाच खात्री नाही.

ताई, ती ओळ गिळू नका. आणि ऐकणाऱ्यांनो, बाबाजींसाठी डोळे पुसून झाले की घरी जा आणि आपल्या सिंकखाली एकदा बघा.