अजून ऊब हाय

मी भट्टी बोलतेय. घोटावड्यात रस्त्याकडेला पत्र्याची बेकरी आहे ना, तिच्या मागच्या खोलीतली. जरा घाईत बोलतेय, कारण ओम माझ्यासमोर घण घेऊन उभा आहे.

त्याच्या मोठ्या भावाची, एकनाथची राख सावडून सगळे नुकतेच घरी आले. अंगणात भावकी बसली आहे. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून कुणीतरी चहाबरोबर खायला पौडवरून पाकिटातला पाव आणला. ओमनं ते पाकीट बघितलं आणि भिरकावून दिलं. "दादाच्या घरात इकतचा पाव?" मग गोठ्यातला घण उचलून तो सरळ माझ्याकडे आला.

"हिनंच खाल्ला माझा दादा," तो म्हणतोय.

मी कुणाला खात नाही. पण मला विचारतंय कोण?

एकनाथनं मला १९९८ साली बांधलं. पुण्यात कॅम्पातल्या एका बेकरीत काम करून तो पाव भाजायला शिकून आला होता. विटा, माती, आणि तळाखाली खडेमीठ नि फुटक्या काचेचा थर, ऊब धरून ठेवायला. काच आणली ओमनं. तेव्हा तो एवढासा होता. ढाब्यामागच्या बाटल्या गोळा करताना त्यानं पाय कापून घेतला, आणि रक्त गळत असताना विचारत होता, "दादा, अजून आणू?"

तेव्हापासून मी कधी गार पडले नाही. एकनाथ माझ्या पोटात लाकडं पेटवायचा. जाळ बसला की निखारे कोपऱ्यात सारायचा आणि चिमूटभर मैदा माझ्या तळावर टाकायचा. मैदा लगेच काळा पडला तर थांबायचं. सोनेरी झाला की पाव आत. ओमला हे थांबणं कधीच जमलं नाही. एकदा एकनाथ आंघोळीला गेल्यावर यानं पावाच्या लाद्या आत ढकलल्या. वरून कोळसा, आतून कच्चं पीठ! शेजारच्या म्हशीची चंगळ झाली.

"घाई तुला, आन् भाजून निघतो पाव," एकनाथ एवढंच म्हणाला.

त्यांची आई रत्नाबाई लग्नासाठी त्याच्या मागे लागायची. "करतो की. पर आदी हिला इचार," म्हणून तो माझ्याकडे बोट दाखवायचा.

मग हिंजवडीकडे इमारती उठल्या. गावोगावची नोकरदार माणसं तिथं राहायला आली. एकनाथ सकाळी गाडीवर क्रेट बांधून चांदे गावावरून तिकडे जाऊ लागला. परत आला की त्यांची नक्कल करून आईला हसवायचा. "गरम आहे ना? गार असेल तर नको हं." पाव गरम पोचावा म्हणून तो गाडी दामटायचा.

परवा त्याला डंपरनं उडवलं. क्रेट कुणीतरी घरी आणून दिले. "रस्त्यावं पडल्याले पाव अजून गरम व्हते," आणून देणारा म्हणाला. हे शब्द ओमच्या डोक्यातून जात नाहीत.

घण वर गेला. घाव बसला. माझ्या तोंडाची वीट फुटली, झाकणाचा पत्रा खणकन खाली पडला.

ओम दुसरा घाव घालणार होता. पण माझ्या आतली ऊब त्याच्या तोंडावर आली आणि तो तसाच थांबला.

आवाज ऐकून रत्नाबाई धावत आली. मागून भावकीतला गेणबा.

"फोडू द्या, वैनी," गेणबा म्हणाला. "राग तरी निघंल पोराचा."

रत्नाबाईनं कोपरापर्यंत हात माझ्या आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"अजून ऊब हाय," ती म्हणाली. "त्यानंच पेटवल्याली. मसणातली राख गार झाली व्हती, ओम. तूच भरलीस न्हवं? ही न्हाई झाली अजून. आता मार."

घण हातातून गळला. ओमनं आत वाकून कोपऱ्यातली राख उकरली. तळाशी एकच निखारा लाल होता. त्यानं लाकूड ओढलं.

"आरं, सुतक हाय!" गेणबा ओरडला. "जाळ पेटवायचा न्हाई!"

"पेटवतंय कोण?" रत्नाबाई म्हणाली. "इझू देत न्हाई, एवडंच."

गेणबा पागोट्याशी चाळा करत उभा राहिला. मग बाहेर गेला आणि ढलप्या घेऊन आला. "ह्या बाभळीच्या घे. त्या वल्ल्या लाकडाचा नुसता धूर व्हईल."

ओम फुंकत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि धुराचं निमित्त सांगायची त्याला गरज वाटली नाही.

आता दुपार कलली आहे. ओमनं मळलेला मैदा फुगून वर आला आहे. माझ्या फुटक्या तोंडावर रत्नाबाईनं ओली माती थापली आहे. ओमनं चिमूटभर मैदा टाकला. काळा पडला. त्यानं लाद्यांकडे बघितलं, हात पुढे केला, मागे घेतला, आणि माझ्या भिंतीला पाठ लावून बसला. थोड्या वेळानं पुन्हा टाकला. पुन्हा काळा. पुन्हा बसला.

ओम म्हणतोय, यापुढं पाव गाडीवरून जाणार नाही. ज्याला हवा त्यानं इथं यावं.

तर या. पण त्या रस्त्यानं सावकाश या. पाव थोडा गार झाला तरी चालेल.