सामाईक न्हाणीची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, वीतभर लांब, आडवी सरकणारी. शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शोभाबाईंचे घर आहे. त्या घराच्या एकुलत्या एक न्हाणीच्या दाराला, आतल्या बाजूने, मी बसवलेली आहे. माझ्याविषयी फार गोड काही ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. ज्या घरात सहा-सात माणसांना एकच न्हाणी असते, तिथल्या कडीचा स्वभाव गोड राहत नाही.

लोहाराने मला ठोकून घडवले तेव्हा मी गोठ्याच्या दारासाठी होते. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि गोठ्याच्या जागी शोभाबाईंनी भाड्याच्या दोन खोल्या काढल्या. खोल्या दोन काढल्या, पण न्हाणी मात्र घरची होती तीच ठेवली, आणि तिच्या दाराला मला बसवले. "एक न्हाणीमा आख्खं गाव अंघोळ करस," असे त्या ठासून सांगत. त्या वेळी माझी फार वाहवा झाली. "कडी पहा, कितली मजबूत!" असे म्हणून त्या नव्या भाडेकरूंना मला सरकवून दाखवत. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

पुढे रोज सकाळी दारापुढे रांग लागू लागली. एका खोलीत खांडबाऱ्याचा शांतीलाल राहतो. तो खत-बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. खांद्यावर टॉवेल टाकून, तोंडात ब्रश धरून तो दारावर थापा मारायचा. दुसऱ्या खोलीत मोलगीकडचा बाज्या, त्याची बायको नानीबाई आणि मुलगी रिना. बाज्या गवंड्याच्या हाताखाली काम करतो. रिनाला शहरात बारावी करता यावी म्हणून ही माणसे डोंगर उतरून आली होती. खोली देताना शोभाबाईंनी त्यांना बजावले होते, "रोज अंघोळ करानी. बिगर अंघोळना मानूस मन्हा घरमा चालाव नही." डोंगरातल्या माणसांविषयी त्यांच्या मनात जे होते ते त्या वाक्यात सगळे आले. बाज्याने मान डोलावली. रिनाचे कान मात्र लाल झाले होते.

मित्रांनो, कडीला माणसाचा हात ओळखू येतो. नानीबाई मला हलकेच सरकवायची. शांतीलाल कधी अर्धीच लावायचा आणि आतून "आहे, आहे!" म्हणून ओरडत राहायचा. आणि शोभाबाईंचा मुलगा हेमकांत मला खाडकन मारायचा. मोबाईलवर गाणी लावायचा आणि नळ सोडून द्यायचा. बादली भरून वाहू लागली तरी त्याला काही नसे. तो उजाडायच्या आत येऊन जाई, म्हणून त्याला रांग ठाऊक नव्हती. त्याचा मला मनस्वी राग येई. पण कडीला तोंड नसते.

आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येते. गच्चीवरची टाकी भरली की ती पुरवायची असते. फाल्गुनात ऊन वाढले, नळाचे पाणी कमी झाले आणि टाकी सकाळीच रिकामी होऊ लागली. शोभाबाईंनी अंगणात डोळे फिरवले आणि त्यांना बाज्या दिसला. तो हल्ली खोलीत झोपत नव्हता. न्हाणीजवळ जमिनीवरच अंथरूण टाकून झोपायचा, अनवाणी फिरायचा, कोणाशी फारसा बोलायचा नाही. झाले! पहाटे न्हाणीत शिरणारा हाच, असे त्यांनी ठरवून टाकले.

खरी गोष्ट वेगळी होती. बाज्याने होळीची मानता, म्हणजे नवस, घेतली होती, आणि तो पालनीत होता. पालनीत माणूस खाटेवर निजत नाही, बायकोच्या हातचे खात नाही, आणि होळी होईपर्यंत आंघोळीचे पाणी अंगावर घेत नाही. त्या दिवसांत त्याचा हात मला एकदाही लागला नव्हता. पण हे सांगायचे कसे? रिनानेच बापाला विनवले होते, "बाबा, मावशींना सांगू नका. त्यांना कळलं तर आपल्याला घाण म्हणतील, खोली सोडायला लावतील. माझे पेपर होऊ द्या." आंघोळ केली म्हणावे तर पाणी संपवल्याचा आळ, नाही केली म्हणावे तर घर जाणार. बिचारा बाज्या मुकाट शिव्या खात राहिला. मला त्याची कीव यायची आणि त्याच्या गप्प बसण्याचा संतापही यायचा.

मग ती सकाळ उजाडली. त्या दिवशी रिनाचा पेपर होता. हेमकांत रात्री लग्नाला गेला होता, म्हणून उशिरा उठला आणि भर रांगेच्या वेळी आत शिरून बसला. बाहेरचा नळ ठणठणीत कोरडा. शोभाबाई हंडा घेऊन आल्या, बंद दार पाहिले, आणि त्यांचा पारा चढला.

"आख्खी टाकी रिकामी! पानी काय तुन्हा बापनं शे का रे बाज्या? निंघ भाहेर!"

आतून गाण्याचा आवाज येत होता. त्यांनी दारावर पहिली लाथ घातली. माझे खिळे हलले.

"ज्यानी पानी संपाडं, तो आजच हाई घर सोडी! सांजलोंग खोली खाली पाहिजे माले!"

शांतीलाल टॉवेल सावरत मागे सरकला. नानीबाई दारात आली, आणि तिच्यामागून रिना, हातात परीक्षेचे पॅड घेऊन. ती स्पष्ट बोलली.

"मावशी, आत बाबा नाहीत. बाबांची पालनी आहे. होळी होईपर्यंत ते आंघोळच करत नाहीत."

"काय? अंघोळच नही करस?" शोभाबाई किंचाळल्या. "मन्हा घरमा?"

तेवढ्यात फाटक वाजले. अंगावर धूळ, पाय अनवाणी, असा बाज्या बाहेरून आत येत होता. शोभाबाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले.

"मंग मझार कोन शे?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी दुसरी लाथ घातली. मी वाकले, उपटले आणि खाली पडले. दार उघडले. आत अंगभर साबणाचा फेस घेऊन, कमरेचा टॉवेल घट्ट धरून त्यांचाच लेक उभा होता. बादली काठोकाठ भरली होती आणि फरशीभर पाणी साचले होते.

"माय वं, मी शे!"

अंगणात कोणी हसले नाही. फक्त शांतीलाल शांतपणे म्हणाला, "बाई, मग आता हेमकांतची खोली भाड्याने मिळेल का?"

 शोभाबाईंचा राग शेवटी माझ्यावरच निघाला. "हाई कडीच खराब शे!" म्हणून त्यांनी मला उचलून गटारीकडे भिरकावले. वड्याचे तेल वांग्यावर, दुसरे काय! त्यांनी बाज्याची माफी मागितली नाही, पण खोली खाली करण्याचा शब्दही पुन्हा काढला नाही. बिनकडीच्या न्हाणीत रिनाने तोंड धुतले. नानीबाई दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि पोर पेपरला गेली.

मी गटारीकाठी गंजत पडले. बाज्या होळीला डोंगरात गेला, मानता फेडून, नदीत न्हाऊन परत आला. येताच त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला दगडावर ठेवून सरळ केले, नवे खिळे आणले आणि पुन्हा दाराला ठोकले. मग बादली घेऊन तो आत शिरला आणि त्याने मला सरकवले. किती दिवसांनी तो हात लागला!

थोड्याच वेळात शोभाबाईंची पावले वाजली. हंडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मी अंग आवळून लाथेची वाट पाहू लागले.

"कोन शे मझार?"

"मी, बाज्या."

बाहेर हंडा पुन्हा उचलल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बरं. आवर लवकर."

मित्रांनो, एवढ्यावर शोभाबाई काही देवमाणूस झाल्या नाहीत, आणि हेमकांत अजून नळ सोडूनच आंघोळ करतो. पण बंद दार दिसले की त्या आता आधी विचारतात. म्हातारी झालेली ही कडी तुमच्याकडे एवढेच मागते. आत कोण आहे हे आधी विचारा. लाथ काय, नंतरही मारता येते.