दरसूचीत राख नाही

"ज्या दिवशी भाताच्या तुसाची राख रस्त्यात जाईल, त्या दिवशी कोकणातलं खड्ड्यांचं राज्य संपेल!" असं नथानियल वाक्रूळकरांनी १९९६च्या एप्रिलात पेणच्या कचेरीत उभं राहून जाहीर केलं. ऐकायला तिघे होते. दोघे चहा पीत होते आणि तिसरा, शिपाई, त्यांची बशी परत न्यायला आला होता.

वाक्रूळकर रस्ते खात्यात इंजिनिअर. रोह्याजवळच्या वरसेहून रोज एसटीने पेणला यायचे. खड्डे त्यांना पाठ होते. पाठीलाही ते पाठ होते. नोव्हेंबरअखेर निवृत्ती, मग पत्नी रेचलबाईंसह कायमचं इस्रायलला, मुलगी शीराकडे. त्याआधी एकच गोष्ट हवी होती. सरकारी दरसूचीत राखेची एक ओळ. दरसूचीत ज्याचा दर, त्याचाच रस्ता, हा खात्याचा धर्म.

"राख सूचीत घालायची तर ती आधी कुठं वापरलेली पाहिजे," हेडक्लार्क म्हणाले.

"मग वापरू द्या."

"सूचीत नसलेलं कसं वापरणार?"

यावर वाक्रूळकरांना बावीस वर्षं उत्तर सुचलं नव्हतं. त्या मे महिन्यात सुचलं. भातगिरणीवाले राख रस्त्याकडेला ओततात आणि ती हलवायचं काम सूचीत आहे. कुठं हलवायची, ते मात्र लिहिलेलं नाही. त्यांनी ती पेणजवळच्या जोहे गावापुढच्या आदिवासी वाडीच्या रस्त्यावर हलवली. खाडीकडची चिकणमाती, राख, चुना आणि पाणी कालवून त्यावर रोलर फिरवला. ऐंशी मीटर. वर डांबर मंजूर नव्हतं, म्हणून रस्ता उघडाच राहिला.

कंत्राटदार विलासशेठ लांबून बघत होता. "सायेब, रस्ता म्हणजे आंबा नाय, एकदा लावला न बसलो खात. रस्ता म्हणजे भात. दरसाल लावायचा."

पावसाळा गेला. विलासशेठचा भात, म्हणजे वाडीपर्यंतचा त्याचा रस्ता, दरसालप्रमाणे वाहून गेला. राखेचे ऐंशी मीटर होते तिथेच होते. वाक्रूळकर दर आठवड्याला जाऊन त्यांच्यावर टाच आपटून यायचे. खात्याला सहा पत्रं लिहिली. सहाव्याला उत्तर आलं: मोठे साहेब पाहणीला येतील, शनिवारी. निवृत्तीच्या बरोबर आठवडाभर आधी.

"आजवर शब्बाथला, आपल्या विसाव्याच्या शनिवारी, कामासाठी उंबरा ओलांडला नाहीत," रेचलबाई म्हणाल्या. "ओलांडताय तोही राखेपायी?"

"शेवटचाच गो."

"तुमचे सगळेच शेवटचे."

आदल्या दिवशी त्यांनी वाडीतल्या काळूला निरोप दिला होता, "उद्या मोठे साहेब रस्ता बघायला येणार. जरा स्वच्छ ठेवा." एवढीच त्यांची चूक.

जीप थांबली. मोठे साहेब उतरले. "कुठं आहे रस्ता?"

वाक्रूळकरांनी पाहिलं आणि राखेच्या दराचा खिशातला कागद खिशातच राहू दिला. पाहुणा यायचा म्हणून वाडीने अंगण सारवावं तसे ऐंशीच्या ऐंशी मीटर शेणाने सारवले होते. कडेने रांगोळी. आणि एवढी गुळगुळीत जमीन वाया कशाला घालवा, म्हणून पलीकडच्या टोकाला भात वाळत घातलं होतं.

साहेबांनी बुटाने एक पोपडा उचकटला. "यात शेणही आहे?"

"शेण नंतरचं आहे, साहेब."

"दरसूचीत शेण नाही."

"राखही नाही, साहेब. त्यासाठीच तर..."

"इथून गाड्या जातात?"

"जात होत्या. सध्या भात आहे."

"मग वाहतूक नाही म्हणून टिकला. यात रस्त्याचं काय कौतुक?" साहेबांनी वहीत लिहिलं, ते मोठ्याने वाचूनही दाखवलं: "सदर ठिकाणी रस्ता आढळला नाही. खळं आढळलं. उत्तम स्थितीत."

वाडीतली गिरजाबाई ओटीवरून खूश होऊन म्हणाली, "उत्तम म्हनला ना, सायेब? चार घमेली शेन लागलं आमाला."

"लागलं असणार, गिरजाबाई," वाक्रूळकर म्हणाले. आवाज कुणावर चढवावा हे त्यांना कळत नव्हतं.

साहेबांनी जीपमधून हात दाखवला. "वाक्रूळकर, कष्ट घेतलेत हो. तिकडे जाताय ना? तिकडे करा." जीप मागे वळून विलासशेठच्या रस्त्याला लागली आणि कितीतरी वेळ तिची आदळआपट ऐकू येत राहिली.

वाक्रूळकर मधोमध उभे राहिले. सवयीने त्यांनी टाच आपटली. खाली काही हललं नाही. बावीस वर्षं जे म्हणत होते, ते पायाखाली घट्ट होतं; फक्त ते रस्ता नव्हतं. आठ दिवसांनी त्याला रस्ता म्हणणारा एकुलता एक माणूसही इथे नसणार होता.

"सायेब," गिरजाबाई म्हणाली, "उभंच ऱ्हायलात तर चपला काढा न तेवढं भात पायानं परता की. खालून वलं हाय."