बाबांचा मेंदू आणि मागची पायरी

बाबा सुतार. खुर्च्या करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. गेली अठरा वर्षं मात्र रोज संध्याकाळी घरालगतच्या कारखान्याच्या मागच्या लाकडी पायरीवर बसून ते गांजा ओढायचे.

"व्यसन नाही गं. कंटाळा आला की ओढतो."

"आणि कंटाळा बरोबर साडेपाचलाच येतो?"

मी मेंदूवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या प्रश्नांना आई 'उलटतपासणी' म्हणते.

एकदा बारा खुर्च्यांचं काम चालून आलं आणि बाबांनी ते परत पाठवलं. म्हणाले, "आता हौस वाटत नाही." ते ऐकून मी हादरलेच. रंधा मारणाऱ्या बाबांशेजारी फळीवर बसले.

"बाबा, मेंदू गांजासारखाच एक पदार्थ स्वतः बनवतो, अगदी चिमूटभर. भूक, झोप, मूड सांभाळायला. पेशींवर त्याच्या ठरलेल्या जागा असतात. तुम्ही बाहेरून रोज पोतंभर ओतता, म्हणून मेंदू त्या जागाच कमी करतो. मग साध्या गोष्टींची मजा वाटेनाशी होते."

त्यांनी रंधा थांबवला. "म्हणजे दिवसभर करवतीपाशी उभं राहिलं की कान बधिर होतात, तसं?"

"अगदी तसंच."

"आणि करवत बंद केली तर?"

"महिनाभरात बऱ्यापैकी ऐकू येतं."

"दाखव."

माझ्या मैत्रिणीला तिच्या अभ्यासासाठी महिनाभर गांजा सोडणारी माणसंच हवी होती. तिने पहिल्याच दिवशी यंत्रातून त्यांच्या मेंदूचं चित्र काढलं. इतरांचे जे भाग उजळ होते, ते बाबांचे अंधूक. "आमच्या गावात वीजवाल्यांचा संप दिसतोय," बाबा म्हणाले.

पहिला आठवडा भयंकर गेला. घाम, चिडचिड, जेवणावरून मन उडालेलं. एका दुपारी ते सरसाच्या डब्याशी चक्क भांडले. झोप तुकड्यातुकड्यांत यायची आणि प्रत्येक तुकड्यात एक स्वप्न.

"एका टेबलाने मला कोर्टात खेचलं," ते सकाळी म्हणाले.

"जामीन मिळाला का?" आईने चहा ओतत विचारलं.

नवव्या दिवशी साडेपाचला ते मला मागच्या पायरीवर सापडले. हात रिकामे, चेहरा पडलेला. "पाय आपोआप इथे आले."

"ती मेंदूतली जुनी वाट आहे, बाबा. ती लवकर बुजत नाही."

"मग पायरीच काढतो."

वीस मिनिटांत पायरी उखडली. दुसऱ्या दिवशी आईने मागचं दार उघडून पाऊल टाकलं आणि चौकटीला लोंबकळत राहिली. "अहो, निदान सांगायचं तरी!" बाबा पोट धरून हसले. मग ओशाळून दार बुजवलं आणि तिथे आईसाठी खिडकी केली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मैत्रिणीने दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. नव्यात बहुतेक सगळं इतरांसारखंच उजळलेलं. बाबांनी त्यावर बोट ठेवलं.

"हा घरचाच माल ना? बाहेरून आणलेला नाही?"

"शंभर टक्के घरचा."

"पण मोह होतो अजून," ते हळूच म्हणाले.

"होणारच," मी म्हणाले. "झाला की मला फोन करा."

करतात. कधी आठवड्यातून दोनदा, कधी महिनाभर नाही. परवा उलट त्यांनाच फोन आला. ज्याच्यासोबत ते ओढायचे, तो पॉलिशवाला विचारत होता, पहिला आठवडा खरंच इतका वाईट असतो का?

"फार वाईट," बाबा आनंदाने म्हणाले. "तू असं कर, इकडेच राहायला ये. भांडायला कुणीतरी लागतं."