गोगलगायीला उठवतं कोण?

मोठ्या बाईंची सूचना आली: सोमवारपर्यंत वर्गातला 'ऋतूंचा कोपरा' बदला आणि फळ्यावर रोज एक गमतीची माहिती लिहा. चोवीस वर्षं मी हेच करतेय. पुठ्ठ्याचं झाडही तेच. उन्हाळ्यात हिरवी पानं लावायची, थंडीत काढायची. टाचण्या टोचून खोडाची चाळण झालीय, आणि माझीही.

माहितीची जुनी वही उघडली आणि थंडीच्या पानावरचं पहिलंच वाक्य फळ्यावर लिहिलं: 'काही गोगलगायी सलग तीन वर्षं झोपू शकतात.' सुटली बिचारी, मी मनात म्हटलं.

पोरांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मात्र हसली.

"काय झालं गं?"

"बाई, आई कालच म्हणाली, थंडी आली, आता फळ्यावर गोगलगाय येणार. आईपण लहानपणी तुमच्याच वर्गात होती ना!"

मी कपाळाला हात लावला. आता हे मोठ्या बाईंच्या कानावर गेलं, म्हणजे झालंच.

"आणखी काय म्हणाली आई?"

"म्हणाली, बाईंना विचार, गोगलगायीला शेवटी उठवतं कोण? तिनं तेव्हा विचारलं होतं, तर तुम्ही 'उद्या सांगते' म्हणाला होतात."

वही उलटसुलट चाळली. उत्तर मला तेव्हाही माहीत नव्हतं. "उद्या..." म्हणायला मी तोंड उघडलं, तर चष्मेवालीनं पान उलटून उद्याची तारीख टाकलीसुद्धा होती.